बांधावरच्या साड्या

सणसर, ता. इंदापूर
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

सौ. राजलक्ष्मी हिस,

नमस्कार. पतीने पत्नीला लिहिताना 'अनेक आशीर्वाद' लिहावेत, असा आपल्या वडिलांच्या पिढीचा शिरस्ता होता. मी तो शब्द लिहिण्यासाठी पेन टेकवले आणि उचलले. नमस्कार कोणीही कोणालाही करू शकतो.

माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो. गच्चीवरची टाकी गळत होती. प्लंबरने अपेक्षेप्रमाणे गचाळ काम केले, ते त्याच्याकडून दुसऱ्यांदा करून घेतले. स्वयंपाकाला बाई ठेवली होती. तिसऱ्या दिवशी तिला निरोप दिला. वरणात गूळ घालावा की नाही यावर मतभेद असू शकतात, पण झाकण न ठेवता दूध तापवणे याला मत म्हणत नाहीत.

तुला फोन न करता पत्र का, हे स्वरालीने सांगितले असेलच. तिचे शब्द असे होते: "बाबा, आईला काही सांगायचं असेल तर लिहून पाठवा. तुमच्याशी बोलताना तिचं एक वाक्य पुरं होत नाही." आपल्या मुलीला अतिशयोक्तीची सवय आहे, असे मी तेव्हा मनात म्हटले. तथापि पत्राचा एक गुण मान्य करायला हवा. तुझे उत्तर येईपर्यंत मला गप्प बसावे लागेल.

लिहिण्याचे निमित्त रानडुकरे हे आहे.

घरामागच्या वीस गुंठ्यांत मी यंदा मका केला. ओळी दोरी लावून सरळ पेरल्या होत्या. आपला गडी दत्तोबा हसला, पण उगवण पाहून गप्प झाला. जानेवारीत आजूबाजूच्या उसाला तोड आली. ऊस गेला तसा डुकरांचा आडोसा गेला आणि ती आपल्या रानात आली. ती मका खातात म्हणून माझी तक्रार नाही. ती ताट मुळापासून आडवे करतात, कणसाचे दोन घास घेतात आणि पुढच्या ताटाकडे वळतात. एका ओळीत शिस्तीने खाल्ले असते, तर त्यांच्या वाट्याचा मका मी सोडून दिला असता.

उपाय सुचवायला गाव तत्पर असते. दत्तोबाने न्हाव्याकडून केसांचे पोते आणून बांधावर पसरले. दोन दिवसांच्या दवाने त्याचा चिखल झाला. शेजारच्या दीपकने तारेत करंट सोडायला सांगितले. पदवीधर माणसाने हे सुचवावे याचे मला वाईट वाटले. डुकराऐवजी पाणी धरायला आलेला माणूस चिकटला तर, असे विचारल्यावर तो म्हणाला, बोर्ड लावू की, सर.

मग मी भोंगा आणला. बाजारात मिळणाऱ्या ध्वनिफितीत कुत्र्यांचे भुंकणे आणि कोणाच्या तरी अर्वाच्य आरोळ्या होत्या. त्या माझ्या शेतातून ऐकू येणे मला पसंत नव्हते. मी माझ्याच आवाजात वीस मिनिटांचा मजकूर ध्वनिमुद्रित केला. स्पष्ट, खड्या स्वरात. पहिले तीन दिवस डुकरे आली नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी थेट भोंग्याच्या खांबाखालचा मका खाल्ला.

"सर, डुकरं लेक्चरला बसली हुती," दीपक म्हणाला. "सवय लागल्यावर कोन भितंय तुमच्या आवाजाला?"

मी भोंगा उतरवला.

राहिला साड्यांचा उपाय. बारामतीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बांधाबांधावर जुन्या साड्या ताणलेल्या असतात, त्या तू पाहिल्या आहेस. दोन वर्षांपूर्वी भुईमुगाच्या वेळी तू तेच सुचवले होतेस आणि मी म्हणालो होतो की आपले रान म्हणजे धोबीघाट नव्हे. या वेळी दत्तोबाने जुन्या साड्या मागितल्या. मी तुझ्या कपाटातून अकरा काढून दिल्या. त्याने त्या बांधावर लावल्या. त्यांचा उपयोग झाला नाही.

लिंबाला यंदा बहार चांगला आहे. टपाल खात्याने पेटी हलवून पुन्हा ग्रामपंचायतीसमोर आणली आहे.

*

इथवर लिहून उठलो होतो. चहा केला, परत आलो आणि सगळे वाचून काढले. साड्यांच्या परिच्छेदात एकही विधान खोटे नाही. तरीही तो परिच्छेद खोटा आहे. विद्यार्थ्याच्या प्रबंधात असा परिच्छेद आढळला असता तर मी समासात रेघ ओढून 'पूर्ण लिहा' असा शेरा मारला असता.

तेव्हा पूर्ण लिहितो.

मागच्या सोमवारी स्वरालीने बोलता बोलता सांगितले की तू आधार कार्डावरचा पत्ता बदलून साताऱ्याचा करून घेतलास. बँकेच्या कामाला लागत असेल, त्यात काय विशेष, असे मी म्हणालो. मग तिला तिथल्या हवेबद्दल दोन प्रश्न विचारले. फोन ठेवला आणि तुझे कपाट उघडले.

ते कपाट मी त्यापूर्वी एकदाच पुरते उघडले होते, जूनमध्ये तू गेलीस त्या संध्याकाळी. ते भरलेले होते. तू एकच पिशवी नेली होतीस. कायमची जाणारी बाई भरले कपाट मागे ठेवून जात नाही, असा निष्कर्ष मी काढला. या एका निष्कर्षावर मी आठ महिने काढले आहेत. गावात सांगितले की तू साताऱ्याला गुडघ्यांच्या इलाजासाठी गेली आहेस. दर पंधरा दिवसांनी डांबरगोळ्या बदलायला दार किलकिले करत होतो, तेही न बघता, हात घालून. तुझ्या वस्तूंना हात लावलेला तुला आवडत नाही.

सोमवारी मी न बघता अकरा साड्या उपसल्या आणि बाहेर येऊन दत्तोबाच्या हातात दिल्या. त्याने वरची उलटीसुलटी केली.

"सर, ह्या नव्या हायत. जुनं फाटकं लावत्यात."

"मला दिसते आहे," मी म्हणालो. "बांध."

मी रागावलेलो होतो, हे मला तेव्हाही कळत होते. माझ्या घरात नांदायचे नाही तर तुझ्या साड्या डुकरांपुढे उभ्या राहू देत, असा तो विचार होता. विचार म्हणण्याच्या योग्यतेचा तो नाही. पण आला होता.

बुधवारी सकाळी जाऊन पाहिले. डुकरे दोन साड्यांच्या मधून नव्हे, एका साडीच्या खालून, तिला नाकाने वर उचलून आत शिरली होती. सहा ओळी भुईसपाट. दत्तोबा डोक्याला हात लावून उभा होता. त्याच्याबरोबर त्याची आई आली होती, ठमाबाई. तुला ती नेहमी ताक आणून द्यायची. म्हातारीला आता कमी दिसते, पण ती बांधावर चढली, साडीचा पदर हातात धरून चुरगाळला आणि नाकाला लावला.

"डुकराला नजर न्हाय, सर, नाक हाय," ती म्हणाली. "ह्याला मान्साचा वास कुठं हाय? निस्ता डांबरगोळीचा वास. घडी तरी मोडलीया का ह्याची?"

राजलक्ष्मी, मी एकतीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. रानडुकराची दृष्टी मंद आणि घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते, हे वाक्य मी किती तुकड्यांना सांगितले असेल त्याची गणती नाही. वस्त्र फडफडते म्हणून नव्हे, तर माणसाच्या अंगावर वर्षानुवर्षे वापरलेले असते म्हणून ते डुकराला अडवते, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. एका निरक्षर बाईने ते मला माझ्या बांधावर शिकवले.

पण तिचा शेवटचा प्रश्न अजून बाकी होता.

मी बांधावरून चालत एकेक साडी पाहत गेलो. मोतिया रंगाची, आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची. बदामी, स्वरालीच्या साखरपुड्यासाठी घेतलेली. फिकट राखी, मी विभागप्रमुख झालो तेव्हाची. यांतल्या एकीलाही फॉल लावलेला नव्हता. दुकानातल्या घडीच्या रेघा उन्हात सरळ दिसत होत्या. दोन साड्यांच्या टोकाला दुकानाची चिठ्ठी तशीच टाचलेली होती. सगळ्या मी निवडलेल्या. दुकानात तू एखादी उचललीस की मी तिचा दोष सांगायचो आणि दुसरी पुढे करायचो. माझी अभिरुची चांगली आहे, हे तूही मान्य केले होतेस. निदान वाद घातला नव्हतास.

घरी येऊन कपाटातल्या उरलेल्या पाहिल्या. त्याही तशाच. तुझी ती पोपटी, ती डाळिंबी, माहेरहून आलेली चिंतामणी, यांपैकी एकही नव्हती. त्या पिशवीतून गेल्या होत्या. तू मला भरले कपाट ठेवून गेली नव्हतीस. जे माझे होते, ते तू माझ्यापाशी ठेवून गेली होतीस.

अकरांतली एक मात्र नेसलेली निघाली. राखाडी, बिनकाठाची. तिला तेवढा फॉल होता आणि खांद्यापाशी पिनेची दोन छिद्रे होती. ती ओळखायला मला वेळ लागला नाही. जूनमध्ये माझ्या सत्काराला निघताना तू गुलबक्षी साडी नेसून बाहेर आलीस. ओसरीवर माझे दोन सहकारी बसले होते. "हळदीकुंकवाला निघालीस का? बदलून ये," असे मी म्हणालो. ते दोघे हसले. तू आत गेलीस आणि दहा मिनिटांत ही राखाडी नेसून आलीस. समारंभात माझ्या शेजारी बसलीस. हार घालताना टाळ्याही वाजवल्यास, फोटोत दिसते. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेलीस. मी स्वरालीला विचारत राहिलो की असे घडले तरी काय. मला खरोखरच कळले नव्हते, हे मी बचाव म्हणून सांगत नाही. तोच आरोप आहे.

घरातून परत रानात आलो तेव्हा ठमाबाई साड्या सोडवत होती. दत्तोबाला तिने घरी पिटाळले होते, तिची स्वतःची जुनी लुगडी आणायला. मला पाहून म्हणाली, "बाई कवा येनार, सर? आठ म्हैनं झालं. गुडघं हायती तरी किती त्यांना?"

एरवी मी तिला तिच्या मर्यादेची जाणीव करून दिली असती. मी म्हणालो, "गुडघ्यांसाठी गेलेली नाही. माझ्यामुळे गेली आहे. येईल की नाही, मला माहीत नाही."

ती साडीची गाठ सोडवत राहिली. मग म्हणाली, "ठावं हाय. समद्या सनसरला ठावं हाय. तुमी कवा सांगताय त्येची वाट बघत हुतो."

तिच्या लुगड्यांना ठिगळे आहेत आणि त्यांना शेणाचा, धुराचा, तंबाखूचा वास येतो. बुधवारपासून एकही डुक्कर आत आलेले नाही. मका जो उरला तो उभा आहे. बांध अत्यंत कुरूप दिसतो. मी सकाळ-संध्याकाळ त्या बाजूने चालतो.

अकराही साड्या मी धुतल्या. दोन साड्यांवरचे चिखलाचे डाग गेले नाहीत. घडी घालायला बसलो, तेव्हा लक्षात आले की एका माणसाला साडीची घडी नीट घालता येत नाही. एक टोक कपाटाच्या दारात अडकवून दुसरे मी धरले. काठाला काठ जुळेना. चार वेळा मोडून पुन्हा घातली. तू आणि स्वराली अंगणात समोरासमोर उभ्या राहून बोलत बोलत घड्या घालायच्या, तेव्हा मी आतून सांगत असे की जरा हळू बोला. आता घर इतके हळू झाले आहे की टाकीत पाणी पडायचे थांबले तरी मला कळते.

साड्या कपाटात तशाच वेड्यावाकड्या ठेवल्या आहेत. त्यांचे काय करायचे ते तू सांगावेस. डांबरगोळ्या काढून टाकल्या.

पत्ता बदललास ते योग्य केलेस. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला, तेव्हा ते उपरोधाने वाचू नये.

तुला परत ये असे मी लिहिणार नाही. तसे लिहिले तर ती सूचना होईल, आणि सूचना तुला पुष्कळ देऊन झाल्या आहेत. एक मागणे आहे. तू नेसून जुनी झालेली, विटलेली, तुला नकोशी झालेली एखादी साडी असेल, तर स्वरालीकरवी पाठवावीस. धुतली नाहीस तरी हरकत नाही. या ओळीत आधी 'शेतासाठी' असा शब्द होता. तो खोडला आहे, तुला दिसेलच. पत्र नेहमीप्रमाणे दुसऱ्या कागदावर उतरून काढणार नाही. खाडाखोडीसकट पाठवत आहे.

रंग कोणताही चालेल.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा, आणि ते पूर्ण होईपर्यंत मध्ये न बोलणारा,

विजयसिंह