चार कागदांची विजेरी

हेब्डन ब्रिज, यॉर्कशायर
शनिवार, १० फेब्रुवारी १९४०

प्रिय विनीस,

अंधारही ज्याच्यापासून काही लपवू शकत नाही, त्या प्रभूची कृपा तुझ्यावर असो.

येथील सर्व क्षेम आहे, असे लिहिले होते. ते खोडले.

थंडी कडक आहे. नळ गोठले आहेत. विमानहल्ल्याच्या भीतीने रात्री सगळे दिवे झाकायचे, त्या ब्लॅकआउटसाठी पदपथांच्या कडा पांढऱ्या रंगवल्या, तरी आमचे चॅपलचे कारभारी ऑकरॉइड परवा टपालपेटीला टोपी काढून म्हणाले, "माफ करा हं, बाईसाहेब." तू काढतेस त्या विनोदी चित्रांच्या कार्डांत शोभले असते.

त्या कार्डांविषयीच लिहायचे आहे. नोव्हेंबरात चॅपलच्या विक्रीच्या टेबलावरून मी ती खाली फेकली, देवाच्या घरात थट्टा नको असे चारचौघांत बोललो, आणि तू निरोप न घेता ब्लॅकपूलला गेलीस. थट्टा हे खरे कारण नव्हते. एका कार्डावर एक म्हातारा विजेरीच्या काचेवर कागदामागून कागद गुंडाळतो आहे आणि बायको विचारते, "अहो, ही बॅटरी आहे की लग्नातला आहेर?" म्हाताऱ्याचे नाक माझे होते.

विजेरीचा उजेड मंद करायला काचेवर दोन पातळ कागद लावावेत, असा सरकारी नियम. माझ्या घराकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून मी चार लावले. तुझी वहिनी हेस्टर म्हणाली, "एक तरी काढा, पुढचं दिसत नाही." मी तिला आज्ञापालनावर प्रवचन दिले. पंधरा जानेवारीस सायंकाळी ती तीच विजेरी घेऊन चॅपलमधून निघाली. मोटारवाल्याला ती दिसलीच नाही. पायाचे हाड मोडले. हे तुला कळवले नाही. कळवले असते तर कागदांविषयीही लिहावे लागले असते.

तीन आठवडे हेस्टर माझ्याशी बोलली नाही. गुरुवारी तिची उशी सारखी करताना तेच कार्ड सापडले. नोव्हेंबरात मी फेकले तेव्हा तिने जमिनीवरून उचलले असावे. मी म्हणालो, "हा आहेर मीच बांधला, हेस्टर." ती हसली, मग रडली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? विनीला लिहा. आणि म्हणावं, नाक अजून मोठं हवं होतं."

डॉक्टर कुबड्या ठेवून गेले आहेत. ती त्यांना हात लावत नाही. "विनी आली की बघू," म्हणते.

उद्या उपासनेनंतर ते कार्ड मी स्वतः टेबलावर मांडीन आणि तो म्हातारा कोण, हे सर्वांदेखत सांगीन. ऑकरॉइड उठून गेले तरी सांगीन. क्षमा मागण्याचा अधिकार मला नाही. तू ये, एवढेच मागतो. शुक्रवारी सायंकाळच्या गाडीला स्टेशनवर उभा राहीन. त्या गाडीने आली नाहीस, तर शनिवारी, आणि त्यानंतरही रोज. विजेरीवर कागद दोनच असतील.

तुझी घरमालकीण तुझी पत्रे आधी वाचते म्हणे. तिच्यासह, हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या पावलापुढे प्रभू पुरेसा उजेड ठेवो आणि त्याला सुखरूप घरी पोचवो.

तुझा दादा,
एझ्रा