काशी अजून पाण्यात आहे

रवि., १६ नोव्हें. २०२५
दु. ४.१० ला लाइट गेली, पाठोपाठ टॉवर. सडक अर्जुनीत नवल नाही. म्हणूनच तर ऑनलाइन खेळाच्या टेबलाची किल्ली, म्हणजे माझ्या जागी सोंगट्या हलवायची मुभा, गोंदियाच्या मावसभावाला, दिलीपला, दिलेली. मी येईपर्यंत थांबायचं, एवढंच काम. परत स्क्रीनवर आले तर जहाज बेटाला लागलेलं आणि मंदाची सोंगटी, काशी, मागे, भर समुद्रात.

जहाज वेगळं, त्यावरच्या सोंगट्या वेगळ्या. सोंगट्या डेकला बांधायच्या, मग जहाज ओढायचं. प्रत्येकाने ‘बसलो’ म्हटल्याशिवाय माझं जहाज हलत नाही. भाताच्या रोवण्याला बाया नेणारा ट्रॅक्टरवालाही एवढं पाळतो. दिलीपने स्वतःचा कप्तान तेवढा बांधला होता.

विचारलं तर म्हणे, ‘अरे ताई, खेल ही तो है. बुडाली काशी. नवीन बनवून घेईल मंदा.’

सोम., १७
केशोरीहून मंदाचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी. पहिल्या सफरीपासून सुकाणू तिच्या काशीच्या हाती. ‘बाई, काशी मेली म्हणते दिलीपभाऊ. मंग मी कायले येऊ आता?’ आवाज कोरडा. अशी उठलेली बाई परत बसत नाही.

जुना नकाशा सेव्ह आहे, मागे जाता येईल. पण टेबलावर घडलं ते पुसायचं नाही, हा नियमही माझाच. कॉन्व्हेंटात खोडरबर दिसला की सिस्टर पट्टी मारायच्या. ती सवय अजून आहे.

बुध., १९
बुडाली की नाही हे खेळ चालवणारी ठरवते. किल्लीवाला नाही. मंदाला विचारलं, काशीला पोहता येतं का?
‘तलावाच्या पाळीवर वाढली ते, बाई. पोहणार नाही त काय करन?’
वीस बाजूंचा फासा टाकायला लावला. अठरा. तरंगते आहे. पण थकेल. जहाज वळायला हवं, आणि कप्तान दिलीप.
‘खजाना सामने है, ताई. एका सोंगटीसाठी वापस?’
हो. एका सोंगटीसाठी.

गुरु., २०
सकाळी ग्रुपवर टाकलं. मंदानेही वाचलं.

दिलीप, ‘बसलो’ न विचारता जहाज का ओढलंस? काशीला घ्यायला वळतोस की नाही? किल्ली मी काढून घेतली आहे, कप्तान अजून तूच आहेस. तुझं उत्तर येईपर्यंत बेटावर कोणी उतरणार नाही. अंगठ्याचं चित्र उत्तर धरणार नाही. दोन्हींचं उत्तर लेखी, पूर्ण वाक्यांत, शनि. २२, संध्या. ६ च्या आत.