नव्या घागऱ्याची गाठ

९ ऑक्टोबर

प्रिय मार्लेनी,

तुझा निरोप मिळाला. कागदपत्रं अडकल्यामुळे ब्युनोस आयर्सहून तुला यंदाही निघता येणार नाही, म्हणून एक नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, तुझ्या आईचं टेबल मी मांडावं, असं तू म्हणतेस. पावाच्या बाहुल्या आणि आत्म्याला वरून उतरायला लागणारी पावाची शिडी यांसाठी भट्टीवाल्या दोन्या फेलिपाशी बोलले आहे. तुझ्या आईबद्दल ती म्हणाली, "एमेतेरियाला शिडी मोठी लागेल हं, घाईने उतरायची सवय आहे तिला!" मी हसले नाही. पहिल्या वर्षीचा मृतात्मा दुपारी बाराच्या ठोक्याला येतो आणि ज्याने टेबल मांडलं त्याच्याच हातचं खातो. म्हणून मांडण्याआधी तुला काही सांगायला हवं. फोनवर तू मध्येच रडली असतीस आणि मी थांबले असते.

बस उलटली ती सकाळी दहा चाळीसला, आमच्या दवाखान्याखालच्या वळणावर. एकोणीस जखमी, आम्ही दोघी परिचारिका. अशा वेळी आधी ओरडून सांगायचं, चालता येईल त्यांनी माझ्याकडे या. तुझी आई चालत आली. मी मनगट धरलं: नाडी एकशे चार, श्वास बावीस. चढ चढून आली म्हणून असेल, असं मी ठरवलं. पोट तपासायला हात पुढे केला, तर पाच घागरे एकावर एक, वरचा कोरा. "कात्री लावशील तर बघ! सणाला शिवलाय. आणि मला काय धाड भरलीय? त्या ओरडणाऱ्याकडे बघ आधी, पोरी."

मी म्हटलं, "बरं, मावशी." दहा अठ्ठावन्नला तिच्या गळ्यात हिरवं कार्ड घातलं, म्हणजे थांबू शकेल असा रुग्ण.

मग तीच एका मुलाची सलाईनची बाटली धरून उभी राहिली. "मला नर्स केलीस, आता टोपी दे," म्हणाली. पंधरा मिनिटांनी हिरव्यांनाही पुन्हा तपासायचं असतं. विनोद करणाऱ्या बाईला काय तपासायचं, असं मला वाटलं. थोड्या वेळाने ती भिंतीला टेकून बसली. बाटली तशीच वर धरलेली होती. मी पाहिलं तेव्हा बाराला पाच कमी होते, आणि मनगटाला नाडी लागत नव्हती.

गावातल्या बायकांनी तिला अंघोळ घालायला घागऱ्यांची गाठ सोडली तेव्हा मी तिथे होते. पोट फळीसारखं टणक, डाव्या बाजूला आतल्या रक्तस्रावाने जांभळं.

आठव्या दिवशी रिवाजाप्रमाणे तिचे बाकीचे कपडे नदीवर धुऊन जाळले. नवा घागरा मी टेबलाजवळ ठेवण्यासाठी मागून घेतला, नाडीची गाठ मारून पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी गाठ सुटलेली होती. सैल बसली असेल म्हणून मी टाके घालताना मारते तशी दुहेरी गाठ मारली. तीही सुटली. पेटीला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात ठेवली. तारखा लिहून ठेवल्या आहेत: अकरा वेळा, दर वेळी बाराच्या आत. मला भुताखेतांचं काही कळत नाही, जे दिसलं ते लिहिते. काल उघड्या कमरपट्ट्यावर तळहात ठेवला, तपासताना ठेवतात तसा. कापड कोमट होतं. घडीखाली दुसरं काही नव्हतं, पण डाव्या बाजूला हाताला टणक लागलं.

अंत्यविधीच्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, आई क्षणात गेली एवढंच बरं. मी तुला तसंच समजू दिलं. ती क्षणात गेली नाही, मार्लेनी. तिला जवळजवळ एक तास मिळाला होता, शहराची रुग्णवाहिका अकरा वीसला दारात उभी होती, आणि तिच्यात कोणाला चढवायचं ते मी ठरवत होते. माझ्या अक्षरातलं ते हिरवं कार्ड सोबत पाठवते आहे. आता सांग, ते टेबल मी मांडू का? तू नाही म्हणालीस तर दोन्या फेलिपा मांडेल, घागरा तिच्याकडे देईन. तुझं उत्तर येईपर्यंत रोज पावणेबाराला पेटी उघडून बसते. गाठ आता मारत नाही.

तुझीच, तसं अजून लिहू देत असशील तर,
एल्वा