ताईला कुणी बांधलं नव्हतं

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दहा वाजता ताईला कॉन्व्हेंटच्या मागच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं. मी पोचले दुपारी अडीचला. ती तिथेच! दहाला तिथे सावली असते, बारानंतर ऊन थेट खुर्चीवर येतं. डावा गाल, डावा कान, डावा हात भाजल्यासारखे लाल. ओठ चिरलेले. खाली फरशीवर लघवी. हात लांब केला असता तर सावलीला लागला असता.

"ताई, उठली का नाहीस गं?"

"मदर म्हणाल्यात, उठायचं नाही."

दोरी नाही, पट्टा नाही, दाराला कडी नाही. नुसतं एक वाक्य.

मी आवाज चढवला. चढवायलाच हवा होता. आजारी सिस्टरांचं बघणारी सिस्टर धावत आली. तिच्या खिशात कायम थर्मामीटर असतो, म्हणून मी तिला मनात थर्मामीटरच म्हणते. "अगं बाई, विसरलेच! होस्टेलच्या दोन मुली तापाने फणफणल्यात, तिकडेच अडकले."

विसरली म्हणे. छत्री विसरतात. माणूस नाही.

"मदरनी खरंच सांगितलं होतं, उठू नका म्हणून?"

"नाही हो, मावशी. मदरना तर माहीतही नाही. आम्हीच म्हणतो तसं. मदरचं नाव घेतलं की सिस्टर लगेच ऐकतात. बांधून ठेवण्यापेक्षा बरं ना?"

हे तिने अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं. युक्ती सापडल्यासारखं.

१२ फेब्रुवारी

झोप नाही. ताईचा गाल डोळ्यांसमोरून हलत नाही.

एकोणिसाव्या वर्षी नन व्हायला घर सोडून गेली ती. आज ऐंशीची आहे. पुढे शाळेची मुख्याध्यापिका झाली, तिची चाहूल लागली की वर्गच्या वर्ग चिडीचूप व्हायचे. दोन वर्षांपासून विसरायला लागली. आधी माणसं गेली, मग वार गेले. राहिलं काय, तर व्रत घेण्याआधीचं शिकाऊपण, जेव्हा घोटभर पाण्यालाही परवानगी लागायची. पाणी पिऊ का? शाल घेऊ का? खिडकी उघडू का? मला विचारते, दूधवाल्यालाही विचारते. कुणी आवाज चढवला की वाकून जमिनीचं चुंबन घ्यायला जाते. ही शिक्षा त्यांच्याच लोकांनी कधीची बंद केली! तिच्या गुडघ्यांना अजून कळलेलं नाही.

आज्ञापालनाचं व्रत तिने देवाला दिलं होतं. आता ते ज्याला घाई असेल त्याच्या हातात.

१३ फेब्रुवारी

मदर सुपिरिअरना भेटले. पुढच्या इमारतीत त्यांचं ऑफिस, बाजूला शाळा, वर होस्टेल. प्रत्येक दाराला काचेची खिडकी, बाहेरून आत दिसावं म्हणून. मोठं माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसणार नाही. शिपायापासून फादरपर्यंत सगळ्यांना या नियमांचं शिबिर. भिंतीवर फलक: 'मुले व असुरक्षित प्रौढ व्यक्तींचे संरक्षण ही आपल्या सर्वांची जबाबदारी.' खाली फोन नंबर. हे काम मात्र चोख केलंय, खोटं कशाला बोलू. मी तिथे शिकत होते तेव्हा असलं काही नव्हतं.

मी फलकाकडे बोट दाखवलं. "हे ताईला लागू आहे ना?"

मदर जरा गोंधळल्या. "सिस्टरांना? अहो, ते आपण ज्यांची सेवा करतो त्यांच्यासाठी. वृद्धाश्रमातल्या आजी, अपंग मुली. सिस्टर तर आपल्याच."

"म्हणजे ताईने व्रत घेतलं नसतं आणि ती रस्त्यावर सापडली असती, तर तिला नियम लागला असता?"

मदरनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाल्या, "तुमच्या भावना मी समजू शकते."

हे मला! नगरपालिकेच्या पाणीखात्यात जन्म घालवला मी तक्रारीच्या खिडकीशी. खिडकीच्या आत बसून हे वाक्य किती जणांच्या अंगावर फेकलं असेल. त्याचा अर्थ एवढाच, की पुढचे या.

"लेखी द्या," मी म्हटलं. "तोंडी उत्तर मी ग्राह्य धरणार नाही."

"तुम्ही आमच्याच शाळेच्या ना?"

"हो. ताठ बसा आणि खरं बोला, हे इथेच शिकले. मी ताठ बसलेय."

१६ फेब्रुवारी

पत्र टाकलं. मदरना, वर त्यांच्या प्रांतप्रमुख प्रोव्हिन्शिअलना, आणि फलकावरच्या नंबराला फोन करून धर्मप्रांताच्या संरक्षण कार्यालयालाही. आजारी सिस्टरांना हाच नियम लावा. मदरचं नाव घेऊन कुणी कुणाला बसवून ठेवायचं नाही. आणि ताईला हे मदरनी स्वतः समोर बसून सांगायचं, कारण दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नाही. उत्तर २८ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत. लेखी.

रात्री मुलाचा फोन.

"आई, त्या नन आहेत गं, गुंड नाहीत."

"गुंड असते तर सोपं होतं. पोलिसात गेले असते."

"तुझं ब्लडप्रेशर बघ आधी."

"तेही लेखी कळव."

हसला मेला. मी नाही हसले. नंतर हसले.

२० फेब्रुवारी

काही नाही. पोस्टमन माझ्या दारावरून मान खाली घालून जातो.

२३ फेब्रुवारी

ताईच्या गालाची सालं निघतायत. खुर्ची आता खोलीत आणलीय. वाक्य तेच आहे का, विचारलं. थर्मामीटर शेजारच्या खोलीत निघून गेली. निघताना मात्र जिन्यात गाठलंच मला.

"मावशी, तुमची बहीण गेल्या वर्षी फाटकाबाहेर गेली होती, ठाऊक आहे? ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. अंथरुणाला खिळलेल्या इतक्या जणी, आणि आम्ही दोघी. सांगा, काय करू? दोरी आणू?"

"माणूस ठेवा."

"मागून दमले."

डोळे पुसले तिने, तेही घाईघाईत, कुणीतरी आतून हाक मारत होतं. वाईट नाही ती. पण दमलेल्या माणसाच्या हाती असं वाक्य असू नये.

ट्रकचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. हेही पत्रात घालायला हवं होतं.

२७ फेब्रुवारी

संरक्षण कार्यालयातली बाई आली. मला वाटलं होतं, कुणी लांब बाह्यांची गंभीर सिस्टर असेल. ही हेल्मेट काखेत मारून आली, पायांत खेळाचे बूट. चहा नको म्हणाली. आधी ताईशेजारी बसली, तिची नजर मिळेल इतकी खाली वाकून. गाल बघितला. हात बघितला. मग मदरकडे वळली.

"सिस्टर प्रौढ आहेत?"

"अहो, ऐंशीच्या आहेत!"

"स्वतःचं रक्षण करू शकतात?"

मदरनी ताईच्या गालाकडे बघितलं.

"नाही."

"मग नियम लागू."

इतकं सोपं! मी पंधरा दिवस घसा कोरडा केला.

मदरनी चष्मा काढून पुसला. "मी स्वतः शहात्तरची आहे. फलक मीच लावून घेतला. त्यात आम्हीही येऊ, हे डोक्यातच आलं नाही." कुणाला उद्देशून म्हणाल्या ते कळलं नाही. बहुतेक कुणालाच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची सेवा करणाऱ्यांना आपण कधी सेवा घेणारे होऊ, हे सुचतच नसावं. राग कमी झाला नाही माझा, पण त्याला बसायला जागा मिळाली.

२८ फेब्रुवारी

उत्तर आलं. लेखी, सहीशिक्क्याचं, पाचच्या आत! नियम सर्व सिस्टरांना लागू. दिवसपाळीला एक मदतनीस बाई. आजारी सिस्टरांच्या दारांनाही काच. माझ्या वाक्यांतली दोन जशीच्या तशी उचललीत. उचलू देत.

३ मार्च

मदर आल्या, ताईच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. मी कोपऱ्यात.

"सिस्टर, तुम्हांला उठावंसं वाटलं की उठायचं. कुणाला विचारायचं नाही. कुणी माझं नाव घेतलं तरी नाही."

ताईने विचार केला. "ही आज्ञा आहे का, मदर?"

मदरनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"हो. आज्ञा."

ताई उठली. उभी राहिली. लगेच खाली बसली.

"उठले," म्हणाली.

मदर हसता हसता रडल्या. मी नाक शिंकरलं.

१० मार्च

ताई मदतनीस बाईचा हात धरून बागेच्या टोकापर्यंत जाते. काल न विचारता पाणी प्यायली आणि चोरी केल्यासारखं माझ्याकडे बघत म्हणाली, "प्यायले हं."

"पी की! तुझ्या बापाचं पाणी आहे."

"बाबांनी आणलं?" खूश झाली. बाबांना जाऊन चाळीस वर्षं झाली. असू दे, आणलं बाबांनी.

१८ मार्च

हेल्मेटवाली बाई पुन्हा आली. नियमानुसार ताईशी एकटीशी बोलायचं होतं. मी बाहेर. नव्या काचेतून दिसत होतं, ताई बोटं नाचवत काहीतरी रंगवून सांगत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली?

"ते त्यांचं आणि माझं, मावशी. योग्य वेळी कळवू."

नियम म्हणजे नियम. मीच आणलाय. घरी येईपर्यंत धुसफुसत होते.

२५ मार्च, बुधवार

संरक्षण कार्यालयाचं पत्र. माझ्या नावाने.

तिला विचारलं होतं, कुठे राहायला आवडेल. तीनदा विचारलं, वेगवेगळ्या वेळी. तिन्ही वेळा एकच उत्तर: धाकटीकडे. म्हणजे माझ्याकडे. मदरनी परवानगी दिलीय. सिस्टर म्हणूनच राहील, फक्त घरी राहील.

दोन खोल्या. दुसरा मजला. माझे गुडघे. खाली रस्ता, रस्त्यावर ट्रक. आणि मी दूध आणायला जाते तेव्हा घरात कुणी नसतं.

खालची ओळ टाइप करणाऱ्याने ठळक केलीय: 'आपली तयारी आहे किंवा नाही, हे ३१ मार्च रोजी सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. तोंडी उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.'