एका रकान्यात दोन आकडे

येरमाळा, ११ मार्च १९८३

आदरणीय आबांना लेकीचा जय भीम.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला थांबला का? रोजगार हमीच्या कामावर तिला धुळीत बसू देऊ नका.

बँकेत मला कर्जाआधीची पाहणी दिली आहे. दिलेला पैसा बुडणार नाही ना, एवढंच बघायचं. काल चेअरमनच्या साडूंची विहीर पाहिली. त्यांना पाइपलाइनसाठी मोठं कर्ज हवंय. सकाळी तुमची फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडली, तर बारा फूट पाणी. ते हसले, "बघा बाई, दुष्काळात समुद्र हाय आमचा!"

पण तुम्ही विहिरी खोदायला जायचात तेव्हा मला सांगायचात, रात्रभर झिरपलेलं पाणी सकाळी फसवतं. म्हणून मी दिवसभर तिथंच थांबले. मोटर दोन तास चालली आणि संध्याकाळी दोरी दीड फूटच भिजली.

फॉर्मवर पाण्याचा रकाना एकच आहे. मी मधे रेघ मारून दोन्ही आकडे वेळेसकट लिहिले.

मॅनेजर साहेब चिडले. "रकाना एक अन् आकडे दोन? महिनाअखेर तुमची कायम होण्याची ऑर्डर निघायचीय, बाई. उद्या सकाळी जाऊन परत मोजा."

आबा, सकाळी बारा फूटच भरणार. मी म्हटलं, "साहेब, मी संध्याकाळी जाते." त्यांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला.

ऑर्डर निघाली नाही, तर आईला तुम्हीच समजावून सांगा.

तुमच्याकडून मोजायला शिकलेली,
विशाखा