पाइपाचं तोंड

४ मार्च

खिडकी गेली. दादानं सकाळी दोन गज कापले आणि आतून प्लायवूड ठोकलं. त्याला दोन गोल भोकं. एकावर मार्करनं ‘आत’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘बाहेर’. दोन्हीला पंखा, दोन्हीला चंदेरी पाइप, घड्याघड्यांचा, ओढला की लांब होणारा. चौसाळ्याला हायवेवरच्या ढाब्यात भटारखान्याला असं केलेलं बघून आला.

“आता मिरची कांडताना खकाणा घरात राह्यचाच न्हाई. इकडून ताजी हवा येती, तिकडून खकाणा बाहेर.”

आईनं कांडप मशीनला लावलं तसंच पंख्यांनाही हळदीकुंकू लावलं. कापलेल्या गजांचं कुणाला काही नाही.

मी विचारलं, बाहेर म्हणजे कुठं?

“बाहेर म्हंजी बाहेर. तू लई इचार करतीस.”

बाहेर म्हणजे बोळ. बोळापलीकडे काकूची खिडकी. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर नाकाला नाक लागेल एवढा बोळ. घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी बोललं नाही. मीही एवढंच विचारून गप्प बसले.

खोलीत आता दिवसा दिवा लावावा लागतो. या खिडकीतून बोळाचं तोंड दिसायचं, रस्त्यावरून काकांच्या दाराकडे कोण गेलं ते कळायचं. ते संपलं.

७ मार्च

मशीन सुरू. सकाळपासून बायांची रांग. ओसरीत पिशव्याच पिशव्या, ब्याडगी, लवंगी, कुणाची दोन्ही मिसळून. आणि दोन पंखे फिरत असूनही सगळ्या जणी शिंकतायत. एक म्हातारी म्हणाली, “तुमच्या पंख्यानं खकाणा सगळ्यांला सारखा वाटला गं बाई. कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्ती न्हाई.”

आईचे डोळे लालभडक. दादा म्हणे पंखा कमी पडतो, मोठा आणू.

मला पटेना. संध्याकाळी मशीन थांबल्यावर उदबत्तीचा सबंध पुडाच पेटवला, ‘बाहेर’च्या तोंडाशी धरला. धूर सरळ ओढला गेला. मग ‘आत’च्या तोंडाशी नाक नेलं. उदबत्तीचाच वास. दोन्ही पाइप एकाच खिडकीत, शेजारी शेजारी. जे बाहेर टाकतो तेच परत आत घेतो.

दादाला दाखवलं. आधी चिडला. मग त्यानं स्वतः वास घेतला. “बरोबर बोलतीस बे.” मला बे म्हणाला, म्हणजे खूश झाला.

मलाही बरं वाटलं. हे लिहून ठेवते. बरं वाटलं होतं.

९ मार्च

दादानं ‘बाहेर’च्या पाइपाला आणखी पाइप जोडला. बोळावरून आडवा नेला, तारेनं टांगला. आता त्याचं तोंड काकूच्या खिडकीपासून वीतभर.

आमची खोली एकदम स्वच्छ. आई मशीनपाशी बसून गुणगुणत होती. रांगेतल्या बाया दादाला म्हणत होत्या, इंजनेर झाला की पोरगा.

दुपारी काकूची खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. तिच्या खिडकीची कडी गंजलेली आहे, दोनदा आपटावी लागते. दोनदा आपटली.

मी उदबत्ती लावली नसती तर

१३ मार्च

शाळेत जायच्या आधी मला अक्षरं काकूनं शिकवली. आई रानात जायची, मला या खिडकीत बसवून जायची, आणि समोरच्या खिडकीत काकू भाकरी थापत असायची. तिच्या खिडकीचं दार धुरानं काळं झालेलं. त्यावर पिठाच्या बोटानं अ काढायची, आ काढायची. मी इकडे शहाबादी फरशीवर ओल्या बोटानं. वाळायच्या आत पुढचं अक्षर. चुकलं की तिकडून ओरडायची, “मने, ढुंगण खाली ठेव की त्याचं, लटकतंय बघ ते!” ‘ठ’ला म्हणायची.

अजून ‘ठ’ काढताना हात जरा थांबतो.

नालीच्या भांडणाला या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील. बोळातली नाली आबांच्या निम्म्यातून न्यायची की काकांच्या. नाली अजून झाली नाही, अबोला मात्र पक्का झाला. दोन भाऊ बोलत नाहीत म्हणून आई आणि काकू, दोन जावाही बोलत नाहीत. आणि मी? मला कुणी बोलू नको म्हटलं नव्हतं. मीच आपली घाबरून.

आज मशीन थांबलं तेव्हा ‘आत’च्या पाइपातून खोकला ऐकू आला. ताजी हवा यायची त्याच पाइपातून. खोल, ओढून ओढून. आईनंही ऐकला. ती सूप घेऊन ओसरीत गेली.

१७ मार्च

जेवताना आबांना सांगितलं. काकूला दमा आहे, पाइप तिच्या तोंडावर आहे.

“तिला तरास हाय त ती नवऱ्याला सांगंल. नवरा मला सांगंल. तोंड न्हाई का त्याला?”

दादाला उपाय माहीत आहे. पाइप भिंतीवरून सरळ वर न्यायचा, पत्र्याच्याही वर. मग ना त्यांना त्रास, ना आम्हाला. पण भिंतीला पट्ट्या ठोकायला शिडी बोळात लावावी लागेल आणि शिडीचे पाय काकांच्या निम्म्यात येतील. म्हणजे काकांना विचारावं लागेल.

“मी न्हाई इचारणार,” आबा म्हणाले. “त्यानं आधी बोलावं.”

म्हणजे एक वाक्य. शिडी लावू का. एवढ्यावर अडलं आहे.

२० मार्च

काका बोलले, पण आबांशी नाही. गल्लीतल्या बाबूमामांकडे गेले. बाबूमामा सगळ्यांचे मामा, टेप घेऊनच आले. मला वाटलं, आता खकाण्याचं निघेल.

आबा बोळाच्या एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला. मधे मामा.

काका म्हणाले, “मामा, ह्यांला सांगा, पाइप माझ्या निम्म्यात आलाय.”

आबा म्हणाले, “मामा, त्यांला म्हणावं, हवेत टांगलाय, जमिनीला लागला का?”

“वरचं बी माझंच हाय म्हणावं.”

एकमेकांना ऐकू येत होतं. तरी मामा दोघांना पुन्हा सांगत होते, शब्दन् शब्द. मोजलं. खडूनं रेघ मारली. दादानं पाइप रेघेवर बरोबर कापला. आबा म्हणाले, झालं का समाधान, विचारा त्यांला. काका म्हणाले, झालं म्हणावं.

मी ओसरीतून म्हणाले, “मामा, आणि खकाण्याचं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामांनी टेप गुंडाळली. “बाई, हवेला कुठं टेप लागते व्हय?” दादा हसला. काकाही हसले. दोन वर्षांत आमच्या घरातलं माणूस आणि काका एकाच गोष्टीला हसलेले पहिल्यांदा पाहिले.

मामांनी दोन्ही घरी चहा घेतला. काकूची खिडकी सगळा वेळ बंद.

२१ मार्च

पाइप आखूड झाला. आता खकाणा थोडा काकूकडे जातो, थोडा ‘आत’मधून आमच्याकडे परत येतो. निम्मानिम्मा. न्याय झाला.

२७ मार्च

शमीमचाची आली. तिच्या घरवाल्याचा फळांचा गाडा आहे, घर काकांच्या पलीकडे. एक गाठोडं मशीनपाशी ठेवलं.

“बारीक कांडून दे, मने.”

“कुणाची हाय, चाची?”

“मेरीच है. तेरेको क्या करना है? सवाल नक्को.”

गाठोडं सोडलं. फडकं हिरव्या लुगड्याचं, काठाला पिवळी पट्टी. मिरच्या मधून चिरून, बिया झटकून काढलेल्या. अख्ख्या गल्लीत बिया काढणारी एकच बाई आहे. बियांनी तिचा खोकला वाढतो.

चाचीनं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे. “गरमी बढ गई ना?” म्हणाली.

दरवर्षी काकूचं आणि आमचं तिखट एकाच दिवशी व्हायचं. मागच्या उन्हाळ्यात तिनं कुठं नेलं माहीत नाही. या वर्षी लांब चालवलं नसेल.

कांडलं. दोनदा चाळलं. तिच्याच मिरचीचा खकाणा ‘बाहेर’मधून तिच्याच खिडकीवर जात होता, आणि मीच पाठवत होते. मधे एकदा मशीन थांबवलं तर पाइपातून खोकला. पुन्हा सुरू केलं, कारण थांबवून उपयोग काय, तिखट तर व्हायलाच पाहिजे. असं मी स्वतःला सांगितलं.

तिखट डब्यात भरून दिलं. फडकं धुऊन देते म्हटलं. चाची म्हणाली, “रहने दे तेरे पास.”

आईनं फडकं ओळखलं. घडी करून फळीवर ठेवलं, देवाच्या वस्त्रासारखं.

१ एप्रिल

पहाटे काकूला आंबेजोगाईला नेलं, मोठ्या दवाखान्यात. दोघांनी धरून रिक्षात बसवलं. चाची सांगत होती, ओठ निळे पडलेले.

आबा ओसरीत चहा घेत होते. रिक्षा समोरून गेली. आबा उठले. कप हातातच. मग पुन्हा बसले.

आईनं विचारलं, आज मशीन बंद ठेवायचं का?

“बंद कावून?” आबा म्हणाले. “तिकडलं घर आज रिकामंच हाय. आज कुणाला तरास न्हाई. चालवा.”

चाललं. संध्याकाळपर्यंत. आबा काही वाईट मनानं बोलले नाहीत, हेच जास्त वाईट. त्यांना ती सोयच वाटली.

४ एप्रिल

काकू घरी आली. दुपारी कुणाला न विचारता रस्त्यावरून वळसा घालून काकांच्या दारात गेले. 

काका बाजेवर. “ये की. कावून आलीस?”

पाठ करून गेले होते तेवढं सांगितलं. पाइप वर न्यायचाय, बोळात शिडी लावू द्या, एका दिवसाचं काम आहे.

“लावा की. मी कवा न्हाई म्हणलो?” मग जरा थांबून, “फकस्त तुझ्या बापाला म्हण, एकदा येऊन इचार. एकदाच. ह्या दारात.”

“काका, काकूला—”

“काकूचं मला म्हाईत हाय.”

काका पाणी आणायला उठले. आत काकू तीन उशांना टेकून बसलेली. किती बारीक झाली आहे. मला वाटलं रडेल, किंवा तोंड फिरवेल. दोन्ही केलं नाही. दम खात खात म्हणाली, “तिखट बारीक झालंय, मने. चांगलं झालंय.”

काका पाणी घेऊन आले तेव्हा ती डोळे मिटून पडली होती.

५ एप्रिल

आबांना काकांचा निरोप सांगितला.

“त्यानं बोलावलं व्हतं तुला?”

“नाही. मी गेले.”

“माझ्या वतीनं मागाया गेलीस.”

“शिडी मागायला गेले, आबा.”

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. पाणीसुद्धा आईकडून मागतात, मी माठापाशी उभी असताना. आता घरातही एक अबोला.

दादा म्हणाला, तू कावून मधी पडतीस, सीझन संपला की मशीनच बंद, मग आपोआप मिटंल. सीझन मे अखेरपर्यंत. मी म्हटलं, तोपर्यंत काकू? तो मोटारीला ग्रीस लावत राहिला.

कुणीच वाईट नाही आमच्या घरात. सगळे आपापल्या रेघेच्या आत उभे आहेत.

८ एप्रिल

दादा मशीनसाठी दुसरी मोटार आणायला घाटनांदूरला गेला. आईला भाजीला पाठवलं. रांगेतल्या बायांना सांगितलं, मशीन तापलंय, संध्याकाळी या. हे खोटं होतं. पण त्यांच्या नाकाडोळ्यांना माझ्यामुळं त्रास नको होता.

आमची स्वतःची मिरची राहिली होती. दरवर्षी सगळ्यांची झाल्यावर आमची, आज आधीच काढली. लवंगीच घेतली.

‘बाहेर’चा पंखा बंद केला, पाइप काढला. फळीवरून काकूचं फडकं घेतलं, त्याचा बोळा करून भोकात घट्ट बसवला. ‘आत’चा पंखा सुरूच ठेवला. म्हणजे खिडकीतून हवा आत येणार आणि सगळं घेऊन दारातून ओसरीत जाणार. आबा ओसरीत.

तोंडाला ओला टॉवेल बांधला. मशीन लावलं.

दोन-तीन घाण्यांतच पहिला ठसका. मग दुसरा. मग थांबेचना. माझ्याही डोळ्यांतून धार लागली, नीट दिसत नव्हतं. वाटलं बंद करावं. काकूच्या ओठांचं आठवलं, बंद केलं नाही. मुलीनं बापाला असं करावं का? नाही. तरी केलं.

आबा दारात आले. तीन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. “पंखा बंद पडला काय?”

“नाही.”

“मग... खकाणा इकडं...” पुढचं खोकल्यात गेलं. चौकटीला धरून वाकले होते. “बंद कर ना ते!”

“तिकडलं घर आज रिकामं नाही, आबा.”

ते बघत राहिले. माझ्याकडे, मग भोकातल्या फडक्याकडे. हिरवं लुगडं, पिवळा काठ. भांडणाआधी दोन दिवाळ्या काकू त्याच लुगड्यात आमच्या दारात रांगोळी काढायला यायची. त्यांनी ओळखलं की नाही, सांगता येत नाही. डोळ्यांना पाणी होतं, पण ते लवंगीचंही असेल.

वळले. ओसरीत चपला घातल्याचा आवाज. पायऱ्या उतरल्याचा.

मी मशीन बंद केलं. आबा उजवीकडे गेले तर बाजार, डावीकडे गेले तर बोळाच्या तोंडावरून काकांचं दार. पूर्वी या खिडकीतून दिसलं असतं. आता प्लाय आहे. ओसरीत जाऊन बघता आलं असतं, पण गेले नाही.

‘आत’चा पंखा थांबवला आणि पाइपाला कान लावला. बराच वेळ काही नाही. मग खोकला आला, अगदी जवळून.

काकूचा होता, की आबांचा, कळलं नाही.