मामाजींनी बिघडवलेला चाकू

५ जानेवारी, संध्याकाळ
कोहमाऱ्याहून फोल्डिंग चाकू आणला. अंगठ्यानं जरा ढकललं की पातं सरकन बाहेर. आतली पट्टी दाबली की तितकंच अलगद आत. फुलचूरला घरी येईपर्यंत बसमध्ये चाळीसदा उघडझाप केली. शेजारचा माणूस उठून पुढे जाऊन बसला. घरी बायको, ओमेश्वरी, म्हणाली, बोट कापून घ्याल. बायकांना मेकॅनिझम कळत नाही.
संकल्प: रोज पुसणे. आठवड्याला एक थेंब मशीन ऑईल.

८ जानेवारी
ऑईल घरात नाही. रविवारी आणू.
डॉक्टरांनी शुगरमुळे गूळ बंद केलाय. पण धार तपासायला काहीतरी कडक लागतंच. गुळाच्या भेलीची कड कापली. कापलेला तुकडा परत चिकटत नाही, म्हणून खाल्ला.

९, १०, ११, १२ जानेवारी
धार तपासली. ऑईल राहिलं.

१४ जानेवारी
संक्रांत. सासरे, म्हणजे भैय्यालाल मामाजी, दवनीवाड्याहून नवे तांदूळ घेऊन मुक्कामाला आले. त्यांना चाकूचं दुकान, किंमत, सगळं सांगितलं. पेरू कापायला त्यांनी तो मागितला. उघडताना त्यांना जोर लावावा लागला. वय झालं.

१५ जानेवारी
चाकू नखानं ओढावा लागतो. मिटताना अर्ध्यात अडकतो. काल मामाजींनी जोर लावला, तेव्हाच आत काहीतरी वाकलं. ओमेश्वरीला स्पष्ट सांगितलं, तुझ्या वडिलांचे विळा धरायचे हात, नाजूक वस्तू द्यायलाच नको होती. मामाजी ओसरीत चहा पीत होते. कप खाली ठेवल्याचा आवाज आला. पण त्यांना कमी ऐकू येतं.
जेवायला न थांबता गेले. शेतात काम असेल.

१८ जानेवारी
ओमेश्वरी तीन दिवस कामापुरतंच बोलते.
चाकू गोंदियाच्या बाजारात धार लावणाऱ्या मंगरूकडे नेला. त्यानं स्क्रू काढून पातं वेगळं केलं आणि आतला काळा चिकट गोळा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाला, "साहेब, हा तं गूळ होय. कापून तसाच बंद करत होते काय?"
दुकानात आणखी तिघं होते. मी म्हणालो, घरचे लोक ऐकत नाहीत.
चाकू पहिल्यासारखा चालतो म्हणे. वाटेत उघडून पाहिला नाही.

१९ जानेवारी, सकाळ
ठरलं. दवनीवाड्याला जायचं आणि ओमेश्वरीसमोर खरं सांगायचं. वाक्य लिहून घेतलं: मामाजी, चूक माझी होती. चार शब्द. त्यात काय एवढं.

१९ जानेवारी, संध्याकाळ
गेलो. पाणी प्यायलो. घसा साफ केला. तेवढ्यात मामाजी आत गेले आणि नवाकोरा चाकू घेऊन आले. अगदी तसाच. त्यासाठी दोन बस बदलून कोहमाऱ्याला जाऊन आले होते. माझ्या हातात देऊन म्हणाले, "मायाच हातून बिघडला, जावईबापू. मनात ठेवू नोका."
ओमेश्वरी माझ्याकडे पाहत होती. दुरुस्त झालेला चाकू माझ्या खिशात होता.
मी म्हणालो, "असू द्या."